लेस्टरचं तिसऱ्या रिचर्डचं म्युझियम: बाबांना घेऊन जावं का?

मुक्ता_सांगली:
नमस्कार मंडळी. आम्ही बर्मिंगहॅमजवळ राहतो, सध्या सांगलीहून बाबा आलेत दोन महिन्यांसाठी. बाबा कॉलेजात इंग्रजी शिकवायचे, शेक्सपिअरचा तिसरा रिचर्ड त्यांनी वर्षानुवर्षं वर्गात शिकवलाय, आणि आल्या दिवसापासून एकच धोशा लावलाय की तो राजा कार पार्कखाली सापडला ना, ती जागा मला बघायचीय. ऑफिसातली एक जण म्हणाली की म्युझियमवर पैसे घालवू नकोस, समोरच्या कॅथेड्रलमध्ये त्याची समाधी आहे ती बघ, झालं. खरंच तसं आहे का? बाबांचे गुडघे दुखतात, फार चालवत नाही, सोबत माझा 9 वर्षांचा मुलगा आहे आणि त्याला हाडं, सांगाडे वगैरे बघून रात्री झोप लागेल ना हीपण काळजी आहे. आणि तो जिथे लढाईत पडला ते बॉसवर्थचं रणांगण त्याच दिवशी उरकता येईल का? कोणी जाऊन आलं असेल तर प्लीज नीट सांगा.

बेलग्रेव्हवाला:
मुक्ताताई, लेस्टरमध्येच राहतो, घरी पाहुणा आला की त्याला घेऊन जातोच, त्यामुळे किती वेळा झालं ते आता मोजत नाही. म्युझियम अजिबात टाळू नका. कॅथेड्रलमध्ये राजा आज कुठे आहे ते दिसतं, पण तो 500 वर्षं कुठे होता ते म्युझियममध्ये दिसतं, आणि बाबांना तेच बघायचंय ना.

इमारत म्हणजे जुनी शाळा, कार पार्कला लागूनच होती, 2014 च्या जुलैत तिथे हे सेंटर उघडलं. खाली त्याचं आयुष्य, घराण्यातली भांडणं आणि बॉसवर्थची लढाई आहे, वर शोधाची सगळी कहाणी. खालचा भाग बाबांना तोंडपाठ असेल, त्यामुळे तिथे थोडा वेळ द्या आणि वर निवांत फिरा. 1485 च्या 22 ऑगस्टला हा लढाईत पडला, वय 32, नागडं प्रेत घोड्यावर टाकून लेस्टरला आणलं आणि ग्रेफ्रायर्स नावाच्या मठाच्या चर्चमध्ये घाईघाईने पुरलं. पुढे आठव्या हेन्रीने मठ बंद पाडले त्यात 1538 मध्ये हापण गेला, चर्च पाडलं, जागेवर बाग झाली, घरं झाली, शेवटी सोशल सर्व्हिसेसच्या ऑफिसचं कार पार्क झालं. इकडे लोक पिढ्यानपिढ्या सांगत राहिले की हाडं सोअर नदीत फेकून दिली, म्हणून कोणी शोधायच्या भानगडीत पडलं नाही.

फिलिपा लँगली या बाईंनी मात्र पिच्छा सोडला नाही. रिचर्डवर प्रेम करणाऱ्या लोकांची एक सोसायटी आहे तिच्यातल्या त्या, पैसे जमवले, कौन्सिल आणि युनिव्हर्सिटीला तयार केलं, आणि 25 ऑगस्ट 2012 ला खोदायला सुरुवात झाली तर पहिल्याच दिवशी पायाची हाडं लागली! हे मी प्रत्येक पाहुण्याला सांगतो आणि दर वेळी अंगावर काटा येतो. त्या कार पार्कमध्ये एका जागी जमिनीवर आर हे अक्षर रंगवलेलं होतं, रिझर्व्ह्डचा आर, तिथे उभं राहिल्यावर बाईंना वाटलेलं की राजा इथेच आहे, आणि तो तिथून जवळच निघाला. याला योगायोग म्हणा काही म्हणा.

शेवटी त्या खड्ड्याच्या खोलीत याल. जमिनीत काच बसवलीय, खाली खरी माती, आणि सांगाडा जसा सापडला तसा नुसत्या प्रकाशाने त्या मातीवर उमटतो. खड्डा आखूड खणलेला, त्यामुळे डोकं एका टोकाला वर टेकून पुढे झुकलेलं, शवपेटी नाही, हात कमरेपाशी एकावर एक, बहुतेक बांधलेले. पावलं नाहीतच, नंतरच्या काळातल्या कुठल्यातरी बांधकामात गेली. अजून थोडं इकडे खणलं असतं तर सगळाच राजा गेला असता. बसायला जागा आहे, बाबांना तिथे बसू द्या, घाई करू नका.

चालण्याचं म्हणाल तर वर जायला लिफ्ट आहे, आणि रेल्वे स्टेशनपासून 15 मिनिटं रमतगमत. तेवढंपण नको असेल तर टॅक्सी करा, जवळच आहे.

कोथरूड_ते_केंट:
मी थोडं वेगळं सांगते. आम्ही आधी म्युझियम केलं आणि कॅथेड्रलमध्ये पोचेपर्यंत सगळे थकलो होतो, त्या समाधीला द्यायला हवा तेवढा वेळ दिला गेला नाही याचं मला अजून वाईट वाटतं. 2015 च्या मार्चमध्ये त्याला तिथे पुन्हा पुरलं, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लोक उभे होते. वरचा दगड यॉर्कशरकडचा फिकट रंगाचा, त्यात जुने जीवाश्म आहेत, जवळ गेलं की शिंपल्यासारखे आकार दिसतात. क्रूस त्यावर चिकटवलेला नाही, आरपार खोल कापलाय आणि त्यातून उजेड येतो. आम्ही गेलो तेव्हा तिथे तिकीट नव्हतं. तुम्ही मध्ये जेवायला थांबा आणि मग जा, पण क्रम तोच ठेवा, आधी खड्डा मग समाधी.

प्राजक्ता_फिजिओ:
मुलाच्या भीतीबद्दल. माझी मुलगी 8 ची होती, तिला काही झालं नाही, उलट त्या पाठीच्या कण्यासमोरून हलेना. सांगाड्याची थ्रीडी प्रिंट केलेली प्रत आहे तिथे, खरी हाडं नाहीत, हे मुलाला आधीच सांगा.

आणि बाबांना तो कणा नक्की दाखवा. शेक्सपिअरने त्याला कुबडा केला, वाळलेला हात दिला, पाय लंगडा केला. हाडांमध्ये यातलं कुबडही नाही आणि वाळका हातही नाही. आहे तो स्कोलिओसिस, कणा बाजूला वळलेला, पोरवयात सुरू झालेला. माझ्याकडे अशी मुलं येतात. उजवा खांदा डाव्यापेक्षा जरा वर राहतो, चांगल्या शिंप्याने अंगरखा बेतून शिवला तर समोरच्याला कळतसुद्धा नाही. आणि या पाठीवर चिलखत चढवून तो घोड्यावरून शत्रूच्या गर्दीत घुसला, मला त्याच्याबद्दल आदरच वाटतो. कवटीवरच 9 जखमा आहेत, त्यातल्या मागच्या बाजूच्या दोन जीवघेण्या. म्हणजे त्या वेळी डोक्यावर शिरस्त्राण उरलेलं नव्हतं.

एक गोष्ट मी मुलीला समजावली ती तुम्हीपण सांगा. ओळख पटवायला आईकडून येणारा डीएनए वापरला. तो आई सगळ्या मुलांना देते, पण पुढे फक्त मुलींकडूनच जातो, म्हणून रिचर्डची नाही तर त्याच्या बहिणीची, अॅनची पिढी शोधली. सापडले मायकेल इब्सेन, कॅनडात जन्मलेले, लंडनमध्ये फर्निचर बनवणारे. 17 पिढ्यांनंतरचा भाचा म्हणा ना! आणि 2015 मध्ये राजाची ओकची शवपेटी त्यांनीच स्वतःच्या हातांनी बनवली. मामाची पेटी भाच्याने घडवली हे ऐकल्यावर माझी मुलगी म्हणाली, मग त्याला घरचं माणूस मिळालं.

रानडुक्कर_पथक:
बॉसवर्थ त्याच दिवशी नको. गाडी लागते, गुडघे दुखणाऱ्या माणसाला एका दिवसात दोन्ही म्हणजे शिक्षा आहे. दुसऱ्या दिवशी जमलं तर जरूर जा. पूर्वी जी टेकडी रणांगण म्हणून दाखवायचे तिथून खरी जागा तीनेक किलोमीटर लांब निघाली, मेटल डिटेक्टर घेऊन शेतं विंचरली तेव्हा तोफेचे गोळे मिळाले आणि सोन्याचा मुलामा दिलेलं एक छोटंसं चांदीचं रानडुक्कर मिळालं. पांढरं रानडुक्कर हे रिचर्डचं चिन्ह, त्याच्या माणसांच्या छातीवर असायचं. अंगठ्याच्या पेराएवढी वस्तू, पण तिच्यासमोर मी पंधरा मिनिटं उभा होतो, कारण ती ज्याच्या अंगावर होती तो राजाच्या अगदी जवळ लढत असणार.

तेवढं फक्त लक्षात ठेवा, लंडनच्या टॉवरमधून गायब झालेल्या दोन राजपुत्रांचा, म्हणजे रिचर्डच्या पुतण्यांचा विषय निघतोच, धाकटा तुमच्या मुलाच्याच वयाचा होता. काकाने मारलं का नाही हे आजवर सिद्ध झालेलं नाही, मुलाला तसंच सांगा.

मुक्ता_सांगली:
सगळ्यांचे मनापासून आभार, काल जाऊन आलो. ट्रेनने गेलो, बॉसवर्थ पुढच्या शनिवारी ठेवलंय. मुलाला भीती वगैरे काही वाटली नाही, त्याने विचारलं की एवढा मोठा राजा तर खड्डा लहान का खणला, आणि बाबा म्हणाले, खणणाऱ्यांना घाई होती रे, जिंकलेला राजा गावातच होता.

कण्यासमोर बाबा बराच वेळ गप्प उभे होते. मग म्हणाले, मी तीस वर्षं पोरांना कुबड काढून चालून दाखवलं गं. काचेच्या खोलीत आम्ही दोघं अर्धा तास बसलो, प्रकाश येत होता जात होता. जेवून कॅथेड्रलमध्ये गेलो, बाबा बाहेर चप्पल काढायला वाकले तेव्हा मीच थांबवलं, इथे चालतं म्हटलं. आत त्या दगडावर हात ठेवून त्यांनी डोळे मिटले.

रात्री त्यांनी सांगलीला त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याला फोन लावला, तोही आता शिकवतो तोच पेपर, आणि पाऊण तास त्याला तो कणा समजावत होते.