डबीवर ‘अहमदनगर १९०२’ कोरलंय, पण ती नेमकी कुठल्या आजोबांची?

श्रीरामपूरची_लेक

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

मी श्रीरामपूरची. लग्नानंतर गेली सात वर्षं दक्षिण आफ्रिकेत, ब्लूमफाँटेनला राहते. नवरा आफ्रिकानेर, म्हणजे तिथला डच वंशाचा गोरा, घरचे पिढीजात शेतकरी. शेत बेथलहेमजवळ, फ्री स्टेट प्रांतात. शेत म्हणजे आपल्या डोळ्यांसमोर येतं तसलं नव्हे, एका बांधावर उभं राहिलं तर दुसरा दिसत नाही. मका, सूर्यफूल, थोडा गहू, गुरं. सगळं नवऱ्याचे थोरले काका बघतात, वय ८२. काकाला इथे ‘ओम’ म्हणतात. पहिलं वर्षभर त्यांना हाक मारताना मला देवळात आल्यासारखं वाटायचं.

या घरात एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. नवऱ्याचे पणजोबा बोअर युद्धात (१८९९ ते १९०२, इंग्रज विरुद्ध इथले डच वंशाचे शेतकरी, म्हणजे बोअर) इंग्रजांच्या हाती सापडले आणि त्यांना इंडियात कैदेत ठेवलं. कुठे, तर ‘आमेदनाखर’ला. सहा वर्षं मी हे ऐकतेय आणि मद्रासकडचं काहीतरी गाव असेल म्हणून मान डोलावतेय. आफ्रिकान्समध्ये ‘ग’चा उच्चार घशातून ‘ख’ होतो हे मला रोज भाजीवाल्याकडेही ऐकू येतं, पण डोक्यात प्रकाश पडला नाही तो नाहीच.

गेल्या डिसेंबरात सगळे शेतावर जमलो होतो. संध्याकाळी ओट्यावर (त्याला हे लोक ‘स्तूप’ म्हणतात, आता बोला) कॉफीत बेस्कीत बुडवून खाणं चाललं होतं. ओम आत गेले आणि एक लाकडी डबी घेऊन आले. तळहाताएवढी, तांबूस लाकडाची, सरकत्या झाकणाची. चारी बाजूंनी द्राक्षाची वेल कोरलेली. झाकणावर रोमन अक्षरात AHMEDNAGAR असं... माफ करा, देवनागरीत लिहायचा इथला नियम आहे, तर ‘अहमदनगर’. सुरुवातीची अक्षरं ऐसपैस, मग जागा संपत आलेली कळल्यावर शेवटची तीन एकमेकांच्या अंगावर चढलेली. खाली १९०२ आणि ‘जे. एच.’ ही आद्याक्षरं. मी मोठ्यांदा वाचलं. ओम म्हणाले, “हेच की, आमेदनाखर.”

अहो, कॉलेजला जाताना एसटीतून रोज तो किल्ला बघायचे मी!

आता अडचण. मला या घराची नीट वंशावळ मांडायची आहे, पण इथे मुलांची नावं ठेवायची पद्धत ठरलेली. पहिला मुलगा वडिलांच्या वडिलांच्या नावाचा, दुसरा आईच्या वडिलांच्या, तिसरा खुद्द बापाच्या. मुलींचं त्याच धर्तीवर, पण पहिला मान आईच्या आईचा. खापरपणजोबा जे. एच., त्यांचा तिसरा मुलगा म्हणजे आमचे पणजोबा जे. एच., आणि सगळ्या भावांचे पहिले मुलगेही जे. एच. युद्धाच्या काळात एकाच तालुक्यात एकाच नावाचे चार पुरुष, आडनावासकट! शेताच्या नावावरून ओळखावं तर त्याच्या शेवटी ‘फोन्टेन’, म्हणजे झरा, आणि अशा नावांची शेतं पन्नास.

घरात जुनं डच बायबल आहे, त्याच्या पहिल्या पानांवर जन्ममृत्यू लिहिलेत. पणजोबांचा जन्म १८६०. मुलं दर दोन वर्षांनी, मग १८९९ नंतर थेट १९०३. पण एक घोळ आहे. त्यांच्या मुलांमध्ये जे. एच. हे नाव दोनदा आलंय, १८९४ला आणि १९०३ला. लिहिणाऱ्याची चूक असावी का?

कागद कुठे शोधू? आणि नगरला त्या कैद्यांची काही खूण उरली आहे का? आडनाव देत नाही, सासूबाईंना आवडायचं नाही.

भिंगारकर

ताई, बोअर कैदी नगरला होते हे पक्कं. आमच्या आजोबांच्या तोंडी ‘बोर लोक’ असायचं, आम्हाला वाटायचं कंटाळवाण्या माणसांबद्दल बोलतात. १९०१ पासून इंग्रजांनी सुमारे नऊ हजार बोअर भारतात आणले. नगर, सातारा, बेल्लारी, त्रिचनापल्ली, अमृतसर, अंबाला, सियालकोट अशा ठिकाणी वाटून ठेवले. सेंट हेलेना आणि सिलोनमध्ये त्याआधीच कैदी नेलेले होते.

किल्ला काय, सगळ्यांना पुरून उरलेला. बोअर गेले, पहिल्या महायुद्धात नगरला जर्मन आले, ४२ला नेहरू आणि काँग्रेस कार्यकारिणी. आता लष्कराच्या ताब्यात आहे. लोक जातात ते नेहरूंची खोली बघायला, बोअरांचं कुणी विचारत नाही.

एक गोष्ट मात्र तुमच्या सासरी विचारा. युद्ध मे १९०२ मध्ये संपलं, पण सुटका हवी तर इंग्लंडच्या राजाशी निष्ठेची शपथ घ्यावी लागे. भारतातले काही जण अडून बसले. शेवटी त्यांची समजूत घालायला बोअरांचे जनरल द ला रे स्वतः इकडे आले, युद्ध संपून वर्ष उलटल्यावर. तुमचे आजोबा त्या हट्टी मंडळींत होते का?

आणि हो, आता अहिल्यानगर म्हणायचं.

डर्बनवासी

मी गेली काही वर्षं हाच उद्योग करतो, शेजाऱ्यांच्या घराण्यांचा. सांगतो.

पहिली गोष्ट, कैद्यांच्या नोंदी. ब्लूमफाँटेनचं युद्ध संग्रहालय तुमच्याच गावात आहे. कैद्यांच्या यादीत नावापुढे वय, राहण्याचं ठिकाण, कुठे आणि केव्हा पकडलं, कुठल्या छावणीत पाठवलं, इतकं असतं. चार जे. एच. असले तरी चौघांचं वय एक नसणार. आधी वय लावा, मग शेत.

दुसरी आणि खरी खाण म्हणजे मृत्युपत्रकं. आपण मृत्युपत्र म्हणतो ते नव्हे. इथे माणूस गेला की वारसाच्या फायलीत एक छापील कागद भरतात. मृताचे आईवडील, जन्मस्थान, लग्न झालं का, कुणाशी, मुलं कोण, कोणी आधी वारलं, मालमत्ता काय. फ्री स्टेटच्या फायली ब्लूमफाँटेनच्या अभिलेखागारात आहेत. बायकांना माहेरच्या नावाने शोधा. फक्त भरणारा कोण ते सही बघून ठरवा. बायकोने भरला असेल तर सासूचं नाव चुकलेलं असू शकतं, जावयाने भरला असेल तर काहीही.

तिसरं, इथली क्रमांक पद्धत शिकून घ्या, नाहीतर चार जे. एच. तुम्हाला वेड लावतील. केपला (केप टाउनच्या जुन्या डच वसाहतीत) आलेला मूळपुरुष ‘ए’, त्याची मुलं ‘बी’, नातवंडं ‘सी’, आणि अक्षरापुढे कितवं अपत्य तो आकडा. म्हणजे ‘बी३ सी१ डी५’ असं म्हटलं की कुठल्या फांदीवरचं कुठलं पान ते कळतं. ही डी व्हिलियर्स आणि पामा यांची पद्धत, सगळे तीच वापरतात.

आणि बायबलमधली ती चूक नाही. मूल वारलं तर पुढच्याला तेच नाव देत, आजोबांचं नाव पडू द्यायचं नाही म्हणून. १८९४च्या मुलाचं काय झालं ते शोधा. इंग्रजांनी बोअर बायकामुलांना ज्यांत डांबलं, त्या १९०१ मधल्या छळछावण्यांच्या नोंदींत बघा.

गंमत म्हणून, घराणं फार जुनं असेल तर मागे जात राहा. अँजेला नावाची बंगालची गुलाम बाई केपला होती. १६६६ मध्ये मुक्त झाली, १६६९ मध्ये बासॉन नावाच्या युरोपीय माणसाशी लग्न केलं. आज कितीतरी गोऱ्या शेतकरी घराण्यांच्या मुळाशी ती सापडते. तुम्ही त्या घरातल्या पहिल्या भारतीय सूनबाई असालच असं नाही.

चक्रम_वाचक

छान चाललंय. पण गोऱ्या जमीनदारांना बायबल आहे, फायली आहेत, संग्रहालय आहे. त्याच शेतावर राबणाऱ्यांची वंशावळ कोण काढतं? छावण्यांत काळे लोकही मेले, वेगळ्या छावण्यांत, हजारोंनी. १९१३च्या कायद्याने त्यांना राखीव भागांबाहेर जमीन घ्यायलाही बंदी झाली. डबीवर चर्चा करताना हेही येऊ द्या.

श्रीरामपूरची_लेक

सगळ्यांचे आभार. तीन महिने गेले, पण मोकळ्या हाताने आले नाही.

आधी चक्रम_वाचक यांना. टोचलंत, पण बरोबर आहे. शेतावरच्या दफनभूमीला दगडी कुंपण आहे. आत संगमरवर, नावं, तारखा, बायबलची वचनं. कुंपणाबाहेर नुसते दगडांचे ढीग, मी मोजले, एकवीस. एकावरही नाव नाही. तिथे काम करणारे एक म्हातारे सोथो (इथल्या काळ्या लोकांतली एक जमात) गृहस्थ आहेत, त्यांचं कुटुंब ओमच्या आजोबांच्याही आधीपासून या जमिनीवर आहे. त्यांना विचारलं तर म्हणाले, आम्ही बाताउंग, सिंहवाले. आपल्याकडे देवक असतं ना, अगदी तसं. मग त्यांनी बाप, आजा, पणजा अशी नावं कुळाच्या स्तुतीसकट एका दमात म्हटली. आमच्या माहेरची नावं नाशिकच्या उपाध्यायांच्या चोपडीत आहेत, त्यांची त्यांच्या जिभेवर आहेत. त्यांच्या परवानगीने फोनवर रेकॉर्ड केलंय, नातीकडून उतरवून घेतेय. कुठला ढीग कुणाचा हेही त्यांना ठाऊक आहे. माझ्या वंशावळीच्या वहीत आता दोन घराणी आहेत, ओमना हे अजून सांगितलेलं नाही.

आता जे. एच.

डर्बनवासी काका, वयाने काम केलं. चौघांपैकी एक लढाईला गेलाच नाही, एक सेंट हेलेनाला. राहिले दोन. एकाचं वय ४०, जुलै १९००मध्ये ब्रँडवॉटरच्या खोऱ्यात बोअर जनरल प्रिन्सलूंबरोबर शरण आलेला, रवानगी सिलोनच्या दियतलावा छावणीत. दुसरा २२ वर्षांचा, १९०१ मध्ये पकडलेला, रवानगी नगर.

आमचे पणजोबा १८६०चे. म्हणजे ते सिलोनला होते. नगरला होता तो त्यांचा पुतण्या!

मी तीनदा तपासलं. मग पुतण्याचं मृत्युपत्रक मागवलं. लग्नाच्या रकान्यात ‘अविवाहित’, मुलांच्या रकान्यात आडवी रेघ. चीजवस्तू चुलतभावाला, म्हणजे १९०३ साली जन्मलेल्या जे. एच.ला, ओमच्या वडिलांना. बाप्तिस्म्याची नोंद काढली, तर साक्षीदार म्हणून हाच पुतण्या उभा. नाव तेच, डबीवरची अक्षरं तीच, आणि डबी आपल्याच घरात. पुढच्या पिढीने दोन माणसांचा एक माणूस केला, कुणी मुद्दाम केलं असंही नाही.

१८९४चा जे. एच. क्रूनस्टाटच्या छावणीत सापडला. आईबरोबर चार मुलं आत गेली, दोन बाहेर आली. वय ७, गोवर. पणजोबा तेव्हा सिलोनमध्ये. बायबलमध्ये त्याच्या नावापुढे मृत्यूची तारीखच नाही, नुसती एक फुली आहे. इतके दिवस मी तिला शाईचा डाग समजत होते.

गेल्या रविवारी सगळे कागद घेऊन शेतावर गेले. सासूबाई म्हणाल्या राहू दे, म्हाताऱ्याचं मन मोडेल. पण ओमनीच विचारलं. मी क्रमाने सांगितलं. ते झाकण पुढेमागे सरकवत ऐकत होते. फुलीचं सांगितलं तेव्हा उठून बायबल आणलं, ते पान काढलं, खिशातून पेन काढून तारीख विचारली. १२४ वर्षांनी, थरथरत्या अक्षरात, फुलीशेजारी लिहिली.

मग डबीकडे बघत म्हणाले, “कागद काहीही म्हणोत, डबी या घरातच राहणार. त्या फांदीकडचे लोक मागायला आले तर?” घ्या, भाऊबंदकी इकडेही आहे. मी म्हटलं, पुतण्याला मूलबाळच नाही, मागणार कोण?

जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “पण मग आमच्या ओपाने (आजोबाने) सिलोनहून काय आणलं?”

टानी, म्हणजे काकू, आतून ओरडली, “काय आणणार? अर्धी तंबाखू तिथेच ओढली असेल, उरलेली बोटीवर.”

भिंगारकर दादा, दिवाळीत नगरला येतेय, ओमही यायचं म्हणताहेत. किल्ल्यात जायला काय कागदपत्रं लागतील ते कळवाल का? परदेशी पासपोर्ट आहे त्यांचा.