सहा वर्षांच्या पोरीला पहिलीत न घालता घरीच शिकवू का?

सोनुलीची आई

आमचं गाव वर्धा जिल्ह्यात, आर्वी तालुक्यात. सहा एकर कोरडवाहू, पऱ्हाटी म्हणजे कापूस आणि मधात तूर. मी बीएस्सी आहे, लग्नाआधी दोन वर्षं शिकवण्या घेत होते. मुलीला ऑगस्टमध्ये सहा पूर्ण होतील.

मागच्या वर्षी तिला तालुक्याच्या एका इंग्रजी शाळेत केजी-टूला घातलं होतं. पावणेसातला गाडी, बावीस किलोमीटर. दिवाळीपर्यंत ए पासून झेडपर्यंत लिहायला लागली, पण घरी येऊन बोलणं थांबलं. आधी वावरातून आली की मुंगूस दिसलं, टिटवीची अंडी दिसली, हे सांगताना श्वास घ्यायची नाही. एक दिवस विचारलं, आज शाळेत काय बोललीस? म्हणाली, "तिथं बोलायचं नसते." दिवाळीनंतर मी तिला पाठवलं नाही.

तेव्हापासून रोज सकाळी दीड तास घरीच. चिंचोके मोजतो. पऱ्हाटीच्या काड्यांच्या दहा-दहाच्या जुड्या बांधल्या आहेत. आपण 'पंचवीस' म्हणताना पाच आधी बोलतो आणि लिहिताना दोन आधी लिहितो, तिथंच पोरं अडखळतात. दोन जुड्या आणि पाच सुट्या काड्या हातात दिल्या तर अडखळत नाहीत, हे मी डोळ्यांनी पाहिलं. वेचणीच्या दिवसांत काट्यापाशी बसून कोणाचा किती किलो कापूस झाला ते तिनं वहीत लिहिलं. एका मावशीचे १४ किलो तिनं ४१ लिहिले, मावशीनंच पकडलं, पोरीनं खोडून नीट केलं. असं शिकणं मला कोणत्या वर्गात दिसलं नाही.

गावात झेडपीची चौथीपर्यंत शाळा आहे. लेकरं अकरा, गुरुजी एक. माणूस चांगला आहे, पण चार वर्ग, मोबाइलवर भरायची माहिती आणि खिचडीचा हिशेब, सगळं त्याच्याच डोक्यावर. म्हणून मनात आहे की दुसरीपर्यंतचं मी घरी करून घ्यावं आणि तिसरीत शाळेत घालावं. सासूबाई म्हणतात, लोक म्हणतील पोरगी घरी बसवली. यांचं मन दोन्हीकडे आहे. विरोधातलं मत असेल तर तेही मोकळेपणी लिहा.

निवृत्त गुरुजी

ताई, मी ३४ वर्षं जिल्हा परिषदेत शिकवलं. तुमच्या काड्यांच्या जुड्या वाचून बरं वाटलं. तरीही माझा विरोध आहे.

आधी कायद्याचं सांगतो, कारण अर्धवट ऐकून लोक एकमेकांना घाबरवतात. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. वय ६ ते १४. मुलाला शाळेत दाखल करणं हे पालकाचं कर्तव्य आहे असं त्याच्या कलम १० मध्ये आहे, पण पालकाला दंड किंवा शिक्षा कुठेच लिहिलेली नाही. उलट कलम ४ प्रमाणे शाळेबाहेर राहिलेलं मूल पुढे आलं तर त्याला वयानुसार वर्गात घ्यावंच लागतं. म्हणजे तिसरीत तुमच्या मुलीला कोणी अडवणार नाही. फक्त तिसरीच्या पुढे ओढू नका. नवोदय विद्यालयाच्या प्रवेश परीक्षेला ग्रामीण भागातून बसायचं तर तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षं खेड्यातल्या मान्यताप्राप्त शाळेत पूर्ण झालेली लागतात.

आता खरं दुखणं. तुमच्या शाळेचा पट अकरा. तुमची पोरगी आली तर बारा होईल. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा करायच्या, ही चर्चा तुम्हीही ऐकली असेल. पाचवीपर्यंतची शाळा १ किलोमीटरच्या आत असावी असं नियम सांगतो, तो नियम तुमच्या गावात आज पाळला जातोय तो या अकरा लेकरांमुळे. शिकलेली आईच पोरगी बाहेर ठेवते म्हटल्यावर बाकीचे पाहतात. एक जण गाडी लावतो, मग दुसरा. शेवटी ज्याच्याकडे गाडीचे पैसे नाहीत, त्याचंच लेकरू उरते.

आणि ६० पर्यंत पट असला तरी दोन शिक्षक द्यायचे असं त्याच कायद्यात आहे. दुसरा शिक्षक मागायला पंचायत समितीत गेलात तर पहिला प्रश्न येईल, तुमचं मूल कोणत्या वर्गात? त्याला काय उत्तर देणार?

राळेगावचा बाबा

गुरुजी, पट टिकवायची जबाबदारी एका सहा वर्षांच्या पोरीवर टाकू नका. शाळा तिच्यासाठी आहे.

आम्ही हे केलं आहे. माझा मुलगा तोतरा बोलायचा. पहिलीत दोन महिन्यांत त्याचं बोलणंच बंद झालं, पोरं नक्कल करायची. नाव काढलं, दोन वर्षं घरी ठेवला. बालभारतीची पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवली, 'किशोर'चे जुने अंक गोळा केले. बायको वाचायची, तो ऐकायचा. घाई करणारं कोणी नसल्यानं हळूहळू तोही मोठ्यानं वाचायला लागला. आता चौथीत आहे, तोतरेपण पूर्ण गेलं नाही, पण वर्गात उभा राहून बोलतो.

खोटं सांगणार नाही, तिसरीत गेला तेव्हा फळ्यावरचं उतरवून घ्यायला त्याला सगळ्यांत जास्त वेळ लागायचा. चाळीस मिनिटं एका जागी बसणं म्हणजे शिक्षाच वाटायची. हे सुधारायला दिवाळी उजाडली. ताई, तुम्ही ठेवलंच तर रोज थोडं पाहून लिहिणं करून घ्या. आम्ही तिथं चुकलो.

मूर्तिजापूरची आत्या

बाई, तू शिकेल हायेस, तुह्या मनात खोट नाही. पण मले एक सांग, शिकवशील कवा? मृग लागला का पेरणी. मंग डवरणं, निंदन, खत. दसऱ्यापासून वेचणी, ते पार माघापर्यंत. अन् घरात सासू-सासरे, ढोरं. आता उन्हाळा हाये म्हणून दीड तास भेटून राह्यला. पाऊस पडला का तो दीड तास सगळ्यात आधी जाते.

अन् मंग पोरगी काय करन? लहान भाऊ झाला तर त्याले सांभाळन. तू म्हणशील मी तसं होऊ देणार नाही. माही माय बी तसंच म्हणे. मले तिसरीतून काहाडलं ते 'घरीच शिकवतो' म्हणूनच काहाडलं होतं. पाटी चुलीपाशी होती दोन महिने. मंग पाटीवर मीठ-मिरची ठेवत होतो आम्ही. खेड्यात पोरगी घरी राह्यली का घर तिले कामाले लावते, ते कोणी वाईट असते म्हणून नाही. काम समोर असते म्हणून.

सेवाग्राम रोड

आत्यांचं दुखणं खरं आहे, पण वेचणीच्या काट्यापाशी बसलेली ती पोरगी मला फार ओळखीची वाटली. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला वर्ध्यात शिक्षण परिषद भरली, तिथून गांधीजींची नई तालीम उभी राहिली. हाताच्या कामातून गणित, भाषा, परिसर शिकवायचा, आणि तोही मातृभाषेतून. झाकीर हुसेन समितीनं त्याचा अभ्यासक्रम केला. म्हणजे ही ताई जे करते ते आपल्याच जिल्ह्यातलं आहे, शहरातल्या हौशी लोकांकडून आलेलं नाही. सरकार आता २०२० च्या धोरणात ३ ते ८ वयाचा एकच पायाभूत टप्पा धरते, खेळातून आणि मातृभाषेतून शिकवा म्हणते. मग आठ वर्षांपर्यंत आई हे घरी करत असेल तर बिघडलं काय?

निवृत्त गुरुजी

नई तालीम ही शाळा होती, भाऊ. पोरं एकत्र सूत कातायची, एकत्र सफाई करायची, एकत्र जेवायची. आजही सेवाग्रामला आनंद निकेतन चालते ती शाळाच आहे. कामातून शिकणं हा तिचा अर्धा भाग, दुसऱ्याच्या लेकराबरोबर शिकणं हा उरलेला अर्धा.

गांधीजींचंच नाव निघालं म्हणून सांगतो. दक्षिण आफ्रिकेत त्यांनी स्वतःच्या मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवायचं ठरवलं. कामाच्या धबडग्यात द्यायचा तेवढा वेळ त्यांना देता आला नाही. मुलांच्या मनात ती खंत राहिली, थोरल्या हरिलालच्या मनात तर फारच. मूर्तिजापूरच्या आत्यांनी जे विचारलं तेच हे आहे. वेळ देऊ म्हणणाऱ्याची नियत साफ असते, वेळ त्याच्या हातात नसतो.

दुसरी पिढी

मी हिंगणघाटकडची. माझे आजोबा शाळेत दाराबाहेर बसून शिकले. वडील आत बसले, पण पाणी वरून ओतून मिळायचं. मी पहिली, जी सगळ्यांच्या मधात बसले आणि एकाच भांड्यातली खिचडी खाल्ली.

ताई, तुमच्या गावातही वेगवेगळे मोहल्ले असतील. लग्न, पंगत, स्मशान, सगळं वेगळं. सहा-सात वर्षांची सगळी लेकरं एका टाटपट्टीवर मांडीला मांडी लावून बसतात अशी गावात एकच जागा असते, ती म्हणजे झेडपीची शाळा. तुमची मुलगी घरी राहिली तर तिला चांगलं गणित येईल, यात मला शंका नाही. पण त्या दोन वर्षांत ती खेळेल कोणाबरोबर? तुमच्या ओळीतल्या चार घरांतल्या पोरांबरोबर. सहाव्या वर्षी ज्याचा डबा चाखला त्याला माणूस सोळाव्या वर्षी परका मानत नाही. हे मी माझ्या मैत्रिणींवरून सांगते.

आणि दुसरी बाजूही बघा. तुमच्यासारख्या घरातली पोरगी शेजारी बसली की माझ्यासारखीला वाटते, ही जागा माझीही आहे. तुम्ही सगळे निघून गेलात तर ती 'त्यांची शाळा' होते. मग तिचं छत गळलं तरी कोणाला फरक पडत नाही.

एक कागदाचं सांगते. आमच्याकडे जात पडताळणीला शाळेचे दाखले पिढ्यानपिढ्या पुरवावे लागतात. घरी शिकवायचा विचार करणाऱ्यांनी जन्माचा दाखला आणि आधारवरची नावं आतापासूनच अक्षर न अक्षर जुळवून ठेवावीत.

राळेगावचा बाबा

ताई, तुमचं लिहिणं वाचून मी बराच वेळ गप्प होतो. टाटपट्टीचं खरं आहे. पण माझ्या मुलाची नक्कल त्याच टाटपट्टीवर झाली होती. सगळी लेकरं एकत्र बसली म्हणजे आपोआप एकमेकांची होत नाहीत, तिथं लक्ष ठेवणारा माणूस लागतो. चार वर्गांना एक गुरुजी असेल तर तो कोणाकोणाकडे बघेल?

दुसरी पिढी

तुमच्या मुलाला तुम्ही उचललं ते बरोबरच केलं. जे मूल तिथं दुखावलं जाते त्याला आधी बाहेर काढायलाच पाहिजे. पण सोनुली या शाळेत अजून एक दिवसही गेली नाही. ती दुखावली दुसऱ्या शाळेत, जिथं तिची भाषाच चालत नव्हती. एका शाळेचा राग दुसरीवर काढू नका, एवढंच म्हणते.

अंगणवाडीवाली ताई

वीस वर्षं अंगणवाडी चालवते. तीन ते सहाची लेकरं माझ्याकडे असतात. जे लेकरू गोष्ट सांगत होतं आणि थांबलं, त्याला परत बोलतं करायला मोठ्या माणसापेक्षा दुसरं लेकरू लवकर कामी येते. आई सगळं समजून घेते, म्हणून लेकराला नीट सांगायची गरजच पडत नाही. दुसऱ्या लेकराला मात्र टिटवीची अंडी कुठं होती, कशी होती, किती होती, सगळं सांगावं लागते, नाहीतर ते म्हणते खोटं बोलतेस.

घरी ठेवा की शाळेत घाला, उन्हाळाभर सायंकाळी अंगणात चार लेकरं गोळा करा. एवढं कराच.

सोनुलीची आई

सगळ्यांचं दोनदा वाचलं. यांनाही वाचून दाखवलं, सासूबाईंनाही. आत्यांच्या पाटीवरच्या मीठ-मिरचीशी सासूबाई थांबल्या, म्हणाल्या, परत वाच.

गुरुजी, पटाचं मला तितकं पटलं नाही. राळेगावच्या भाऊंसारखंच मलाही वाटते की शाळा वाचवायला लेकरू पाठवायचं नसते. नई तालीमही माझ्या वेचणीच्या दिवसांत मला तास काढून देणार नाही, हे कळते. पण ताईंनी 'खेळेल कोणाबरोबर' विचारलं आणि मी मोजलं. दिवाळीपासून आमच्या अंगणात आलेली पोरं तीन, तिन्ही भावकीतली. माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

जूनअखेर शाळा उघडेल तेव्हा नाव घालते. सकाळचा दीड तास सोडणार नाही, शाळेच्या आधीचा पाऊण तास तरी माझा राहील. एक महिना बघते. परत बोलणं थांबलं तर मी कोणाचं ऐकणार नाही, आताच सांगून ठेवते.

गुरुजी, एक विचारायचं होतं. त्या एकट्या गुरुजींना मदत म्हणून आठवड्यातून दोन दिवस पहिली-दुसरीला गोष्ट सांगायला आणि जुड्यांचं गणित घ्यायला मी गेले तर चालेल का? परवानगी कोणाची लागते?

निवृत्त गुरुजी

शाळा व्यवस्थापन समितीसमोर ठेवा. तिच्यात तीन-चतुर्थांश पालकच असतात, आणि अर्ध्या सदस्य बायका असाव्या लागतात. पहिल्याच बैठकीत विषय घ्या, कार्यवृत्तात लिहून घ्या. त्याच बैठकीत दुसऱ्या शिक्षकाच्या मागणीचा ठरावही मांडा. मसुदा मी लिहून देतो.

राळेगावचा बाबा

मी अजूनही म्हणतो, महिना फार होतो. लेकरू पंधरा दिवसांत मिटते. रोज रात्री विचारा, आज तू काय बोललीस. काय शिकलीस ते विचारू नका.

मूर्तिजापूरची आत्या

अन् त्या काड्याच्या जुड्या शाळेत घेऊन जाजो. पोरीच्या हातानं नेजो.