जुने माउंटी सिनेमे आणि तुमच्या आठवणी

गिरिजा_के:
लेकीने कॅनडातल्या कॅल्गरीहून लाल डगल्यातल्या घोडेस्वार पोलिसाचा, म्हणजे 'माउंटी'चा, फोटो पाठवला आणि अण्णांबरोबर पाहिलेले माउंटी सिनेमे आठवले. बर्फ, कुत्र्यांची गाडी, आणि गुन्हेगाराला धरून आणल्याशिवाय न परतणारा शिपाई! १९४० चा 'नॉर्थ वेस्ट माउंटेड पोलीस' भाड्याच्या व्हीसीआरवर पाहिला होता. गॅरी कूपर त्यात खरं तर टेक्सासचा रेंजर, पण आमच्या घरी माउंटी म्हणजे तोच. तुम्हीही लिहा.

पेठकर:
अ‍ॅलन लॅडचा 'सस्कॅचेवान', १९५४! काय ते डोंगर, काय ती तळी!!

प्रेअरीवाली:
पेठकर, ते डोंगर अल्बर्टातल्या बान्फचे. मी सस्कॅचेवान प्रांतातल्या रेजायनाला राहते, इथे नजर जाईल तिथवर सपाट शेतं. माउंटींचं ट्रेनिंग मात्र इथेच होतं. लाल डगल्यातली कवायत पाहताना अजून अंगावर काटा येतो.

चहाबाज:
ताई, मुलगा जानेवारीत तिकडेच येतोय. जॅकेट इथून घेऊ का?

प्रेअरीवाली:
नको, इथे येऊन घेऊ दे. उणे तीस धरून चाला. थर्मल तेवढे द्या बरोबर.

सह्यवारा:
मलाही आवडायचे हे सिनेमे, पण पुढे लुई रिएलबद्दल वाचलं आणि कूपरचा तो सिनेमा पुन्हा बघवेना. त्यात दाखवलेला १८८५ चा उठाव मेटी, म्हणजे मूळनिवासी आणि युरोपीय अशा मिश्र वंशाच्या, लोकांनी रिएलच्या नेतृत्वाखाली आपल्या जमिनींसाठी केला होता. रिएलला त्याच वर्षी रेजायनात फाशी दिली. पडद्यावर मेटी आणि तिथले मूळनिवासी क्री एकतर भोळे, नाहीतर क्रूर. इंग्रजांच्या दप्तरात आपले उमाजी नाईकही दरोडेखोरच ना!

गिरिजा_के:
खरंय. अण्णांना हे सांगायला हवं होतं, त्यांनी नक्की ऐकून घेतलं असतं.

दुपारची_डुलकी:
कुकर लावलाय, पटकन लिहिते. सिनेमातला शिपाई हमखास परततो. पण १९१०-११ च्या हिवाळ्यात कॅनडाच्या उत्तरेत फोर्ट मॅकफर्सनहून डॉसनला निघालेल्या माउंटींच्या गस्तीतल्या चौघांना वाट सापडली नाही. मागे फिरले, अन्न संपलं, गाडीचे कुत्रे मारून खाल्ले, तरी एकही वाचला नाही. वाचून रात्री झोप लागली नव्हती. यावर कुणी नीट सिनेमा काढायला हवा.

पेठकर:
बापरे. हे माहीतच नव्हतं.

चहाबाज:
थर्मल किती जोड देऊ?