मदत हवी आहे: पावसाळ्यात चार महिने आरडीएस (ॲमेझॉनचा भाड्याचा डेटाबेस) बंद ठेवायचा आहे

नमस्कार मंडळी. काणकोणात आमचं बोटफेऱ्यांचं बुकिंग चालतं. जून ते सप्टेंबर बोटी किनाऱ्यावर ओढून झापांखाली झाकलेल्या, बुकिंग एकही नाही. डेटाबेस मात्र चालूच: ॲमेझॉन आरडीएस, पोस्टग्रेस, मुंबई रीजन, सिंगल एझेड (म्हणजे दुसऱ्या ठिकाणी जोडीची प्रत नाही), डेटा साधारण २२ जीबी.

'स्टॉप' करून पाहिलं. तो जास्तीत जास्त ७ दिवस टिकतो, मग इन्स्टन्स (डेटाबेस चालवणारा भाड्याचा सर्व्हर) आपोआप चालू होतो, आणि स्टोरेजचे पैसे लागतातच. सर्वांत लहान इन्स्टन्सवर आधीच आणलाय. स्वतःचा सर्व्हर कृपया सुचवू नका, रात्री लक्ष द्यायला माणूस नाही.

म्हणून आता मॅन्युअल स्नॅपशॉट (डेटाची साठवलेली प्रत) घेऊन इन्स्टन्स डिलीट करायचा आणि ऑक्टोबरात त्याच नावाने रिस्टोअर करायचा, म्हणजे एंडपॉइंट (ॲप ज्या पत्त्यावर डेटाबेसला जोडतं तो) बदलत नाही. पॅरामीटर ग्रुप (डेटाबेसच्या सेटिंग्ज), सिक्युरिटी ग्रुप (कोणाला जोडता येईल ते नियम) लिहून ठेवलेत. चाचणी म्हणून एकदा रिस्टोअर केला, तिथेच अडकलो. इन्स्टन्स 'अव्हेलेबल' दिसतो, पण बुकिंगच्या टेबलवरची पहिली क्वेरी ४० सेकंद घेते. दुसऱ्यांदा तीच अर्ध्या सेकंदात. कारण कळलंय: स्नॅपशॉटमधला डेटा एस-थ्रीवरून (ॲमेझॉनचं फाइल-साठवण) लागेल तसा येतो. पण हंगामाच्या पहिल्याच सकाळी गिऱ्हाइकाला इतकं ताटकळत ठेवणं मला पटत नाही.

असा हंगामी डेटाबेस कोणी चालवला आहे का? बुकिंग उघडण्याआधी सगळा डेटा ओढून घ्यायला पीजी प्रीवॉर्म (टेबल आधीच मेमरीत वाचून ठेवणारं पोस्टग्रेसचं एक्स्टेन्शन) पुरतं, की इंडेक्ससकट प्रत्येक टेबल वेगळं वाचून काढावं लागतं, आणि एवढ्या डेटाला किती तास धरावेत?