मदत हवी आहे : एडीएचडीची गोळी वर्षानुवर्षं घेतली तर डोपामाइनचं काय होतं?

नमस्कार मंडळी, माझ्या धाकट्या भावाला मोठेपणी एडीएचडीचं (लक्ष टिकत नाही, उतावळेपणा असतो तो विकार) निदान झालं आणि डॉक्टरांनी मिथाइलफेनिडेट सुरू केलंय. फरक खरंच दिसतोय, अर्धवट टाकलेली कामं, उघडीच राहिलेली कपाटं, मेल टाइप करून सेंडच न करणं हे बरंच कमी झालंय, त्यामुळे गोळी वाईट असं मला अजिबात म्हणायचं नाहीये. पण भूक मेलीये त्याची, दुपारचं ताट तसंच राहतं आणि संध्याकाळी औषध उतरलं की नुसती चिडचिड.

वाचलं त्यावरून कळलं ते असं, की मेंदूतल्या पेशींनी सोडलेलं डोपामाइन (पेशींमध्ये निरोप पोचवणारं रसायन) परत आत ओढून घेणारे ट्रान्सपोर्टर असतात, ही गोळी ते अडवते म्हणून डोपामाइन बाहेर जास्त वेळ टिकतं. तोंडाने घेतली की हळूहळू चढते म्हणून नशेसारखा झटका बसत नाही, हे पटलं. पण 2013 च्या एका छोट्या अभ्यासात वर्षभर गोळी घेतलेल्या मोठ्या माणसांच्या मेंदूत हे ट्रान्सपोर्टर सुमारे 24 टक्के वाढलेले दिसले, म्हणजे मेंदू औषधाशी जुळवून घेतो, मग गोळी थांबवली की काही काळ आधीपेक्षाही जास्त त्रास होतो का?

इथे कोणी बरीच वर्षं घेतंय का? सुट्टीच्या दिवशी गोळी न घेण्याबद्दल तुमचे डॉक्टर काय म्हणाले, बीपी आणि नाडी किती दिवसांनी बघता? कोणी मानसोपचारतज्ज्ञ असतील तर प्लीज सांगा, पुढच्या व्हिजिटला नेमकं काय विचारू, कारण तो स्वतः काहीच विचारत नाही. मनाने बंद करू नकोस एवढं मात्र मी त्याला बजावलंय.