जांभ्याच्या जुन्या घराला सिमेंटचा गिलावा, आता भिंत सुटतेय. काय करावं?

मलप्रभाकाठची:
नमस्कार. पणजोबांनी बांधलेलं आमचं घर खानापूर तालुक्यात आहे. भिंती जांभ्याच्या, वर कौलं. ८ वर्षांपूर्वी बाहेरून सिमेंटचा गिलावा केला, आतून ऑइलपेंट दिला. आता माजघरात कमरेएवढ्या उंचीपर्यंत लोणा (पांढरा खार) फुललाय, पोपडे निघतात, आणि एका जागी बोट लावलं तर दगडाची पूडच हातात येते. आईला ते बघवत नाही. मेस्त्री म्हणतात, सगळं उचकटून पुन्हा जाड सिमेंट मारू, मिरगाच्या आधी होईल. माझं मन घेत नाही. कुणी असं काम केलं असेल तर नेमकं काय लावायचं, तेवढं सांगा की.

निपाणीकर:
ताई, आधी पाणी कुठून येतंय ते शोधा. आम्ही अंगणात फरशी घातली, ती जोत्याच्या वर गेली आणि पावसाचं पाणी भिंतीत मुरायला लागलं. शेवटी भिंतीलगतची दीड फूट फरशी काढून चर मारला, उतार बाहेर दिला. दोन पावसाळ्यांत ओल बरीच खाली आली. वळचणीच्या पागोळ्या कुठे पडतात तेही बघा.

जांभादगड:
निपाणीकरांचं बरोबर आहे, सुरुवात तिथूनच. मी या भागातल्या जुन्या घरांवर चुन्याचं काम करतो म्हणून सविस्तर लिहितो.

जांभा सच्छिद्र असतो. जमिनीतली ओल तो ओढतो आणि वाऱ्याने ती सुकून जाते. तुमच्याकडे सिमेंटने बाहेरची वाट बंद झाली, ऑइलपेंटने आतली. मग ओल वर चढते, क्षार बरोबर नेते, आणि पाणी सुकतं तिथे ते क्षार दगडाच्या छिद्रांत खडे धरून दगड फोडतात. ती पूड त्याचीच आहे.

सिमेंट काढताना घण नको. खाणीतून निघालेला जांभा हवेत कडक होतो. ती कडक साल सिमेंटबरोबर निघाली तर आतला दगड मऊ असतो. ठोकून बघा, पोकळ वाजेल तिथूनच, बारीक छिन्नी तिरकी धरून काढा. घट्ट बसलंय तिथे ओढाताण करू नका. लोणा कोरड्या ब्रशने झाडून कागदावर गोळा करा. धुतलात तर विरघळून परत आत जाईल.

बाहेरचा गिलावा चुन्याचाच. कळीचा चुना विरवून निदान महिनाभर पाण्याखाली ठेवा (विरताना उकळून उडतो, डोळ्यांवर चष्मा हवाच). १ भाग चुना, ३ भाग धुतलेली वाळू, एक थर अर्ध्या इंचाच्या आत. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू पुन्हा चुनखडी होतो, त्याला महिने लागतात. मे महिन्याच्या उन्हात तो तडकेल, आणि आपल्याकडचा मिरगाचा पाऊस कच्चा गिलावा धुऊन नेईल. म्हणून हे काम दिवाळीनंतर धरा. यंदा आतला ऑइलपेंट खरवडून भिंत सुकू द्या.

आणि एक: चिऱ्यांच्या मधल्या दर्जात, म्हणजे सांध्यांत, काय आहे? तुकड्यावर लिंबू पिळा. फसफसला तर चुना. दुसरा तुकडा पाण्यात टाका. विरघळून बसला तर माती.

शहापूर गल्ली:
आम्ही वॉटरप्रूफ केमिकल मारलं, दोन वर्षं भिंत कोरडी आहे. तेही बघा.

जांभादगड:
दादा, तुमची ओल स्लॅबवरून येत असेल तर ठीक. इथे ती खालून येते. वाट आणखी बंद केली तर ओल कमरेवरून छातीपर्यंत जाईल. ताईंनी ते करू नये.

मलप्रभाकाठची:
दोन्ही करून बघितलं. लिंबू फसफसलं नाही. पाण्यातला तुकडा दहा मिनिटांत गाळ होऊन बसला. मागच्या बाजूला नवा रस्ता झालाय, त्याची माती जोत्यापेक्षा वीतभर वर आहे.

जांभादगड:
म्हणजे दर्जे मातीचे. मग आतून चुन्याच्या गिलाव्याची गरज नाही. भिंतीतून पडलेली माती चाळून, भाताचं तूस घालून आठ दिवस ओली मुरवा. तिनेच दर्जे भरा, तिचाच गिलावा करा, वरून चुन्याची सफेदी. सिमेंटने दर्जे भरलेत तर ते चिऱ्यापेक्षा कडक होतात आणि झीज चिऱ्याला बसते. रस्त्याकडची माती मात्र याच महिन्यात उतरवून घ्या, पावसाच्या आत तेवढं झालंच पाहिजे. ती भिंत पश्चिमेची असेल तर पावसाळ्याभर ताडपत्रीची झडप बांधा, भिंतीपासून हातभर सोडून. तिथे वळचण किती बाहेर आहे, मोजून सांगा.