आधी उंची मोजा, मग करवत

‘चर्चच्या मंडळीतले आठ-दहा जण जमले की शेजारच्या आजींच्या व्हीलचेअरसाठी लाकडी रॅम्प एका शनिवारात होतो,’ असं काही जण म्हणतात. माणसं पुरतात, कमी पडते ती लांबी. उतार १:१२ हवा, म्हणजे १ इंच उंचीला १ फूट. सात-सात इंचांच्या तीन पायऱ्या असल्या तरी रॅम्प २१ फूट होतो! दारासमोर ५ फुटांचा सपाट ओटा वेगळाच. तेव्हा प्रार्थना झाल्याझाल्या करवत उचलू नका.

उंची पायरीच्या पायथ्याशी मोजणं ही नेहमीची चूक. रॅम्प जिथे जमिनीला टेकणार तिथून उंबरठ्यापर्यंत, पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने लेव्हल घेऊन मोजा. अंगणाला उतार असेल तर तीन-चार इंच सहज वाढतात, आणि मग शेवटचा तुकडा उभा चढ होऊन बसतो. फळ्यांना खिळे नकोत, स्क्रूच. चाकांच्या दणक्यांनी खिळे वर येतात. दोन्ही कडांना २ इंच उंच पट्टी ठोका, नाहीतर पुढचं चाक कडेवरून घसरतं. प्लायवूड वापरलंत तर त्यावर खरखरीत पट्ट्या लावाच, ओलं झालं की ते साबणासारखं होतं.